मेनच्या आधीची तार

भिकन आप्पा बोर्ड उघडण्याआधी घरातल्या कोणाच्या तरी हातात एक कोरडी काठी द्यायचे. आमच्या घरी ती माझ्या हातात आली.

"ताई, इथं माझ्या मागं उभ्या राहा," ते म्हणाले. "मी चिकटलो तर मला हात लावायचा नही. या काठीनं कोपरावर मारायचं. जोरात मारायचं. हाड मोडलं तरी चालंल."

"पण मेन बंद केलाय ना तुम्ही?"

"केलाय."

"मग?"

"बंद केलाय असं मला वाटतं. वाटण्यावर मी काम करत नही."

मी सिल्वासातल्या एका शाळेत मराठी शिकवते. इतक्या वर्षांत एकाही मुलावर हात उगारलेला नाही. आणि इथे साठीला टेकलेला एक किडकिडीत माणूस माझ्याकडे पाठ करून उभा होता, आणि मी त्याच्या कोपरावर नेम धरून होते. पंधरा मिनिटं काम चाललं. काहीही झालं नाही. त्यांनी काठी परत घेतली, पिशवीत ठेवली आणि पुढच्या खोलीत गेले.

आप्पा धुळ्याकडचे. तरुणपणी सिल्वासात आले, सूत बनवणाऱ्या एका कंपनीत मेंटेनन्सला लागले आणि तिथून निवृत्त झाल्यावर लोकांच्या घरांची वायरिंग करू लागले. माझा नवरा सुधीर त्याच कंपनीत. आम्ही डोकमर्डीला प्लॉट घेऊन घर बांधायला काढलं तेव्हा सुधीरनंच त्यांना आणलं. आणताना मला सांगून ठेवलं होतं, "माणूस चोख आहे, पण कंपनीत त्यांना घाबरट आप्पा म्हणतात. ऐकून घ्यायची तयारी ठेव."

ते खरंच घाबरट होते, आणि ते लपवत नसत. मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाशी बटण लावलेला. हातात घड्याळ नाही, अंगठी नाही, गळ्यात काही नाही. कुठल्याही लोखंडी वस्तूला, अगदी फाटकालासुद्धा, आधी टेस्टर लावायचे, मग हाताची पालथी बाजू, आणि मगच धरायचे. "तळव्यानं धरलं आणि लाइट असली तर मूठ मिटते, मग सुटत नही," असं त्यांनी माझ्या सासूबाईंना समजावलं होतं. सासूबाई मालवणच्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ते गेल्यावर मला म्हणाल्या, "ह्या माणसान आमच्या घरात भूत सोडल्यान."

ते भूत काय होतं हे मला पहिल्यांदा कळलं ते तारेच्या जाडीवरून झालेल्या वादात. घराचा आराखडा सुधीरच्या हातात होता, पण आप्पांनी तो बघितलाच नाही. त्यांनी मला ओट्याच्या जागेपाशी, तेव्हा नुसत्या विटा रचलेल्या होत्या, उभं केलं आणि विचारलं, "सकाळी साडेसहाला तुमच्या घरात काय काय चालतं?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"तुमची शाळा सातला. साहेबांची पहिली पाळी. आईंना आंघोळीला गरम पाणी. एकाच वेळी काय काय सुरू असंल ते सांगा."

मी डोळ्यांसमोर सकाळ आणली. गीझर सुरू. खाली टाकीचा पंप सुरू, कारण पाणी सकाळीच येतं. इंडक्शनवर भाजी. आईंच्या खोलीतला एसी अजून बंद केलेला नाही. फ्रीज तर असतोच. आप्पा एकेक आकडा सिमेंटच्या पोत्यावर खिळ्यानं लिहीत गेले. बेरीज साडेसहा हजार वॉटच्या पुढे गेली.

"तीस अँपिअर धरा," ते म्हणाले. "आणि हे आजचं. पाच वर्षांनी दुसरा एसी येईल. येतोच."

आमच्या बांधकामाचे कंत्राटदार कीर्तिभाई बाजूला उभे होते. ते हसून म्हणाले, "आप्पा, आटलो जाडो केबल शुं काम? छ एमएम चालशे. आखी सोसायटीमां छ नाख्यो छे."

"बाकीच्यांचं घर खांबाला लागून आहे," आप्पा म्हणाले. "यांचं गल्लीच्या टोकाला. पंचेचाळीस मीटर. सहाची अॅल्युमिनियमची तार टाकली तर खांबावरून दोनशे तीस निघाले तरी आत पोचतील दोनशे सतरा. मधले तेरा कुठं गेले? तारेच्या अंगात गेले. ती त्याच्यावर तापत राहणार. वरून ऊन, खालून भिंत तापलेली. पहिल्या वर्षी काही होणार नही. दुसऱ्या वर्षी वरचं प्लास्टिक कडक होईल. मग त्याला चिरा पडतील."

"मग मेन पडेल ना," सुधीर म्हणाला. "त्यासाठीच तर मेन असतो."

आप्पांनी मान हलवली. मग ते जे बोलले ते मला शब्दाशब्दानं आठवतं, कारण त्यानंतर कितीतरी रात्री मी ते मनात ऐकत पडले होते.

"साहेब, खांबापासून मीटरपर्यंतची ही मेनच्या आधीची तार. घरात कुठं काही झालं तर मेन पडतो, तुम्ही वाचता. हिला काही झालं तर घरातलं कुठलंच बटण तिला थांबवू शकत नही. सगळी बटणं बंद करून तुम्ही अंधारात बसा, तरी ती चालूच. तिला थांबवणारा फ्यूज खांबावर. आणि तो तुमच्यासाठी नही, खांबासाठी आहे."

शेवटी सोळाची केबल आली. कीर्तिभाईंनी खांदे उडवले. सगळं बसवून झाल्यावर आप्पांनी एका रणरणत्या दुपारी घरातलं आहे नाही ते सगळं एकदम सुरू करायला लावलं, तासभर चालू ठेवलं आणि भिंतीवरून मीटरकडे उतरणाऱ्या केबलला पालथा हात लावून उभे राहिले. डोळे मिटलेले. डॉक्टर पोटावर हात ठेवतो तसे. "थंड आहे," ते म्हणाले, आणि तेव्हा मला दिसलं की त्यांच्या कानशिलांवरून घामाच्या धारा लागल्या होत्या. उन्हाच्या नव्हत्या त्या सगळ्या.

दर वर्षी होळी झाली की आप्पा न बोलावता यायचे. उन्हाळा सुरू होण्याआधी त्यांनी आजवर जोडलेल्या प्रत्येक घरी एक फेरी. केबलला हात लावायचे, मीटरच्या पेटीचा वास घ्यायचे, घरात नवीन काय आलं ते विचारायचे, चहा नको म्हणायचे आणि निघून जायचे. कोणी पैसे पुढे केले तर त्यांना ते समजतच नसे. कितीतरी लोक त्यांना फाटकातूनच परत पाठवत. "अरे आप्पा, सब बराबर है," असं वरूनच ओरडून सांगत. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा जात.

एकदाच त्यांना मी न घाबरलेलं पाहिलं. त्यांच्या मुलीचं, रेखाचं, लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी. लग्न आमलीतल्या एका हॉलमध्ये झालं, आम्ही सगळे गेलो होतो. रेखा नर्सिंग शिकलेली, चेहऱ्यानं शांत, बापाशी बोलताना त्याच्या बाहीचं बटण नीट करणारी. नवराही सिल्वासातलाच, म्हणजे मुलगी गावातच राहणार होती. आप्पा मांडवात सगळ्यांना हात धरधरून जेवायला बसवत होते. दुसऱ्या दिवशी मिक्सरचा पॉइंट ठिणग्या टाकू लागला म्हणून मी फोन केला. ते लगेच आले, चेहरा अजून लग्नातलाच. काठी माझ्या हातात दिली, बोर्डासमोर उभे राहिले, स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि परत पिशवीत ठेवला.

"आज नको," ते म्हणाले. "आज भीती वाटत नही. उद्या येतो."

मला तेव्हा हसू आलं होतं.

घराला सहा वर्षं झाली तेव्हा आम्ही बाजूच्या भिंतीला गच्चीवर जाणारा लोखंडी जिना बसवून घेतला. आतून शिडी होती, पण सासूबाईंचा गुडघा धरायचा आणि त्यांना पापड वाळवायला गच्ची हवी होती. दिवाळीनंतर वेल्डर आला. दोन दिवसांत काम झालं. आप्पांना विचारायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. जिना आणि लाइट यांचा काय संबंध.

त्या वर्षी होळीनंतरच्या आठवड्यात मी शाळेतून येऊन जेवले, अंगणात पाइपनं पाणी मारलं आणि पाइप गुंडाळत होते, तेवढ्यात फाटकात आप्पा दिसले. त्यांनी फाटकाला टेस्टर लावला, उघडलं, दोन पावलं आत आले आणि थांबले.

"हा जिना कधी केला?"

"दिवाळीनंतर."

त्यांची नजर जिन्यावरून भिंतीकडे गेली. केबल खांबावरून येऊन त्याच भिंतीवरून मीटरकडे उतरत होती. जिन्याची एक पट्टी नेमकी तिच्यावरून भिंतीत ठोकलेली होती. आप्पा कोरडी जागा बघत बघत जिन्यापाशी गेले आणि हात लांब करून टेस्टरचं टोक कठड्याला टेकवलं.

टेस्टर लाल झाला.

नेमक्या त्याच वेळी सासूबाई हातात पापडांचं ताट घेऊन जिन्याच्या मध्यावर आल्या होत्या. पापडांजवळ चपला नकोत म्हणून अनवाणी. एक हात कठड्यावर. मी ताट घ्यायला पुढे झाले. आप्पांनी माझं कोपर धरून मला इतक्या जोरानं मागे खेचलं की मी ओल्या फरशीवर आपटले.

"काय झाला गो?" सासूबाई वरून म्हणाल्या.

"आई, तिथंच थांबा," आप्पा म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "उतरू नका. जिन्यात लाइट उतरलीय."

"माका काय्येक लागना नाय."

"लागणार नही. तुम्ही पूर्ण लोखंडावर आहात म्हणून. पाय ओल्या जमिनीला टेकला की लागंल. भिंतीला हात लावला तरी लागंल. कठडा धरून राहा, दुसऱ्या कशाला हात लावू नका."

मी उठून धावत आत गेले आणि मेन खाली पाडला. पंखा थांबला, फ्रीज थांबला, घर एकदम शांत झालं. बाहेर आले तर आप्पांनी टेस्टर तसाच धरलेला. लालच. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मेनच्या आधीची तार होती ती. मी काय केलं आणि का उपयोग नाही, दोन्ही मला माहीत होतं.

आप्पांनी लाइट ऑफिसला फोन केला. लाइनमन नरोलीकडे गेलाय, निरोप देतो, असं उत्तर मिळालं. त्यांनी पत्ता दोनदा सांगितला. खांब कुठला ते सांगितलं. "बाई अडकलीय जिन्यावर," असं सांगितलं. मग फोन खिशात ठेवून सासूबाईंना विचारलं, "आई, गच्चीवरून पहिल्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा काही वाटलं?"

"मुंगी चावल्यासारख्या झाला."

आप्पांनी डोळे मिटले आणि उघडले.

"मग परत वर जाऊ देत त्यांना," मी हळूच म्हटलं.

"मघाशी पाय कोरडा होता, ताई. आता उन्हात उभ्या आहेत, तळपायाला घाम असंल. दुसऱ्यांदा मुंगीच चावंल कशावरून?"

मग वाट बघणं आलं. दुपारचे अडीच. जिन्यावर सावली नाही. लोखंड तापलेलं. सासूबाई शहात्तर वर्षांच्या. त्या एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होत्या. आप्पांनी त्यांना बसायला सांगितलं, पदर वर घ्या, खाली लोंबू देऊ नका, म्हणाले. त्या बसल्या. ताट मांडीवर. दहा मिनिटं गेली असतील. मग त्यांचा चेहरा मी ओळखते तसा झाला. आयुष्यभर कोणाचं ऐकलेलं नाही त्या बाईचा.

"मी येतंय खाली," त्या म्हणाल्या. "उगाच घाबरवतास. इतक्या वेळ काय्येक झाला नाय, आता काय होतला?" आणि कठड्याला धरून उठल्या. खाली चार पायऱ्या होत्या.

आप्पा जिन्याच्या समोर, एक वाव अंतरावर, जाऊन उभे राहिले.

"आई, माझ्या हातानं दोन माणसं गेलीत," ते म्हणाले. "तिसरं मला झेपणार नही. माझं ऐकून घ्या, मग ठरवा."

सासूबाई थांबल्या.

आप्पा बोलत राहिले. मी पडवीच्या कोरड्या पायरीवर बसून ऐकत होते. त्यांना माझं भान होतं असं वाटत नाही.

खूप वर्षांपूर्वी, कंपनीत असतानाच, सुट्टीच्या दिवशी ते वायरिंगची कामं घेत. नरोलीच्या रस्त्याला एका शेठनं आठ खोल्यांची चाळ बांधली होती, वर पत्रे. भाडेकरू सगळे खानदेशातून आलेले कामगार. आप्पांनी हिशोब करून जाड केबल सांगितली. शेठ म्हणाला, एका खोलीत एक बल्ब आणि एक पंखा, एवढं कशाला, आणि पातळ आणून दिली. तुला नसेल टाकायची तर दुसरा टाकेल.

"मी टाकली," आप्पा म्हणाले. "मला माहीत होतं पुरणार नही. माहीत नसतं तर वेगळं होतं, आई. मला माहीत होतं."

दोन उन्हाळ्यांत खोल्याखोल्यांत कूलर आले, पाणी तापवायच्या सळया आल्या, टीव्ही आले. पत्र्याच्या कडेखालून केबल आत शिरत होती तिथे तापून तापून तिचं प्लास्टिक मऊ झालं आणि पत्र्याची धार त्यात रुतली. मग पाऊस आला. आप्पांच्या शेजारच्या गावची सुमन नावाची एक मुलगी त्या चाळीत राहायची. पत्र्याच्या अँगलला बांधलेल्या तारेवर तिनं ओला कपडा टाकला आणि ती तिथेच चिकटली. तिचा नवरा खोलीतून धावत आला आणि त्यानं तिला मिठी मारली.

"मी तेव्हाच त्यांना भेटायला येत होतो. फाटकातच होतो. ओरडलो, हात लावू नको म्हणून. पण बायको समोर तशी दिसल्यावर कोण ऐकंल. मी काठी शोधली. सगळ्या चाळीत एक कोरडी काठी नव्हती."

सासूबाई परत पायरीवर बसल्या होत्या. कधी बसल्या ते मला कळलं नाही.

"पोरा-बाळांचा काय?" त्यांनी विचारलं.

"एक पोरगी होती. तीन वर्षांची. खोलीत झोपलेली. ती रेखा. माझी नही ती, आई. त्यांची आहे. आम्हाला मूल नव्हतं, दोन्हीकडचं कोणी न्यायला आलं नही, आम्ही आणली."

"तिका माहीत आसा?"

"आई-बाप शॉक लागून गेले ते माहीत आहे. तार कोणी ओढली ते नही."

ऊन तसंच होतं. सासूबाईंनी ताटातले पापड एकावर एक रचले, पुन्हा सुटे केले, पुन्हा रचले. आता त्याही घाबरल्या होत्या, आणि घाबरल्या म्हणून स्थिर बसल्या होत्या.

लाइनमनची मोटरसायकल आली तेव्हा सव्वातीन वाजून गेले होते. त्यानं खांबावर चढून फ्यूज काढला. आप्पांनी कठड्याला टेस्टर लावला, भिंतीजवळच्या पट्टीला लावला, पुन्हा कठड्याला लावला. मग टेस्टर लाइनमनला देऊन खांबावरच्या चालू लाइनला लावून बघायला सांगितलं, न जाणो टेस्टरच बिघडला असला तर. टेस्टर नीट होता. मग आप्पांनी पालथा हात जिन्याला टेकवला. तो हात तिथे ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. मग वर गेले आणि सासूबाईंचा दंड धरून त्यांना एकेक पायरी खाली आणलं.

सासूबाई आत जाऊन झोपल्या. संध्याकाळी त्यांना ताप भरला, तो तीन दिवस होता.

पट्टी काढल्यावर दिसलं. जिन्यावरून जाण्यायेण्यानं ती हलत होती आणि चार-पाच महिन्यांत तिनं केबलचं आवरण कापत आतल्या राखाडी तारेपर्यंत वाट केली होती. आप्पांनी केबल बदलली, ती जिन्यापासून लांब पाइपातून नेली, जिन्याला अर्थिंग दिलं. दोन दिवस काम चाललं आणि त्या दोन दिवसांत ते माझ्याशी एकच वाक्य बोलले. "त्या दिवशी तुम्हाला ओढलं, ताई, माफ करा."

मी माफ करणारी कोण होते. वेल्डरनं पट्टी ठोकण्याआधी मला हाक मारून विचारलं होतं, "मॅडम, ये वायर हटाना है क्या?" माझ्या हातात तपासायच्या पेपरांचा गठ्ठा होता. मी म्हटलं होतं, "रहने दो." हे मी सुधीरला सांगितलं नव्हतं, आजारी पडलेल्या सासूबाईंना सांगितलं नव्हतं. रोज रात्री त्या कुशीवर वळल्या की पलंग करकरायचा आणि मला वाटायचं, त्या आता मला विचारणार.

त्या दिवसानंतर आप्पांची भीती वाढली. त्यांची बायको निर्मलाताई मला बाजारात भेटल्या, म्हणाल्या, हे आता रोज फेरीला जातात. काल बघितलेल्या घरी आज पुन्हा जातात. लोकांनी जिने केले असतील, पत्रे टाकले असतील, मला कोण सांगणार, असं म्हणत बसतात. जेवण सुटलंय.

मेच्या सुट्टीत एक दिवस ते आमच्याकडे आले, हातात जुनी वही. तिच्यात त्यांनी आजवर जोडलेल्या घरांचे पत्ते होते. "ताई, तुमचं अक्षर चांगलं आहे. मला एक कागद लिहून द्या. मराठीत, हिंदीत, गुजरातीत. आता पायांनी सगळीकडे पोचणं होत नही."

मी लिहायला बसले. त्यांनी सांगितलं ते असं होतं: तुमच्या घराची खांबापासूनची तार मी टाकली आहे. ती तेव्हाच्या घरासाठी होती. त्यानंतर एसी, गीझर, खोली, पत्रा, जिना, काहीही वाढवलं असेल तर कोणालाही बोलवा, मला नाही बोलावलं तरी चालेल, पण तार बघून घ्या. तारेपाशी ठोकाठोक करू नका. भिकन.

लिहून झाल्यावर माझा हात थांबला आणि मी त्यांना वेल्डरचं सांगितलं. सगळं सांगितलं, पेपरच्या गठ्ठ्यासकट.

ते ऐकून घेत राहिले. "मला माहीत होतं," ते म्हणाले. "वेल्डर विचारल्याशिवाय अशी पट्टी ठोकत नही. कोणीतरी राहू दे म्हटलं असणार."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो." मग कागद घडी करता करता म्हणाले, "तुमच्या आई वाचल्या, म्हणून तुम्हाला सांगता आलं, ताई. मला ती सवलत नही."

मी त्याच संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "आप्पाक सांग, पोरीक खरा सांगूक होया. ती दुसऱ्याकडसून ऐकात तर काय?" मी तो निरोप त्यांना फोनवर दिला. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

त्यांनी रेखाला सांगितलं हे मला निर्मलाताईंकडून कळलं. तिनं सगळं ऐकलं, चहाचे कप विसळून ठेवले आणि घरी निघून गेली. नंतर फोन नाही, येणं नाही. आठवडे गेले. आप्पांनी तिला फोन केला नाही. "तिला काय म्हणू," एवढंच ते बायकोला म्हणत. आणि सकाळी उठून कागदांचा गठ्ठा घेऊन बाहेर पडत.

आप्पा गेले ते पुढच्या हिवाळ्यात, गावी, छातीत कळ येऊन. बातमी आम्हाला दोन दिवसांनी कळली. सासूबाईंनी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी, शाळा पुन्हा सुरू झाल्यावर. मतदार यादीच्या कामासाठी आम्हा शिक्षकांना जीपमधून दुधनीकडे नेत होते. गावाबाहेर पडण्याआधी रस्त्याला ट्रक आडवा आला होता आणि आमची जीप पाचेक मिनिटं थांबली. डाव्या हाताला एक दुमजली घर, वरचा मजला नवीन, अजून रंग न दिलेला. फाटकात आप्पा उभे होते. पूर्वीपेक्षा वाळलेले. घरमालकीण फाटकाच्या आतून त्यांच्याशी काहीतरी बोलत होती, मान हलवत होती. ते खांबाकडे हात दाखवून तिला समजावत होते.

रस्त्याच्या कडेला स्कूटर लावलेली होती आणि तिच्यापाशी रेखा उभी होती. नर्सचे पांढरे कपडे, बहुतेक ड्यूटीवरून सरळ आलेली. तिच्या हातात कागदांचा गठ्ठा होता. ती आप्पांकडे बघत नव्हती, रस्त्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

आप्पांनी मागे न बघता हात पसरला. तिनं गठ्ठ्यातला एक कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बाईला दिला. बाईनं वाचला, वरच्या मजल्याकडे बघितलं, मग फाटकाची कडी काढली. आप्पा आत गेले. रेखा क्षणभर तिथेच उभी राहिली. मग तिनं स्कूटरला अडकवलेली त्यांची पिशवी काढून खांद्याला लावली आणि त्यांच्या मागोमाग आत गेली.

ट्रक सरकला आणि आमची जीप निघाली.